विषय: पिकअपवरील थंड पाण्याच्या जारचा रॅक सदोष असल्याने तो बदलून देणे किंवा रक्कम परत करणे याबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक, विक्रीपश्चात सेवा,
वाहन बॉडी व फॅब्रिकेशन विभाग

महोदय,

आमच्या पिकअपच्या हौद्यावर थंड पाण्याचे जार वाहण्यासाठी तुमच्या कारखान्यात रॅक बसवून घेतला. ८५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे १,००,३०० रुपये पूर्ण चुकते केले आहेत. एक वर्षाची वॉरंटी अजून चालू आहे. फोनवर तक्रार केल्यावर तुमचा माणूस आला, तडे गेलेल्या जागी रंगाचा हात मारला आणि "बार्शी-वैराग रस्ताच तसा आहे, रॅक काय करणार" असं सांगून गेला. रस्ता कसा आहे ते आम्हाला माहीत आहे. ऑर्डर देताना गाडी कुठे चालणार, हे आम्ही लिहून दिलं होतं आणि तो कागद तुमच्या फायलीत आहे. म्हणून आता एकेक दोष कारणासकट लेखी कळवत आहोत.

सगळ्यात मोठी गोष्ट वजनाची. कोटेशनमध्ये "क्षमता ६० जार" असं छापलंय. हा आकडा खण मोजून काढलेला दिसतो, गाडी किती ओढू शकते ते पाहून नव्हे. एका जारमध्ये २० लिटर पाणी, म्हणजे २० किलो. दुहेरी भिंतीत पफ (थंडावा धरणारा फोम) भरलेला रिकामा जार झाकण-तोटीसकट चार किलो. भरलेला जार २४ किलो, ६० जारचे १,४४० किलो. रॅक बसवण्याआधीची आणि नंतरची वजनकाट्याची पावती आमच्याकडे आहे, त्यातला फरक २६५ किलो. गाडी चालवणारा आमच्यातला एक आणि पोऱ्या मिळून १३० धरा. बेरीज १,८३५ किलो होते. आरसी बुकमधल्या एकूण वजनातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की उरतात १,३०० किलो. म्हणजे तुम्ही सांगितलेली क्षमता वापरली तर ५३५ किलो जादा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ खाली याचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो, वर जादा माल जागेवर उतरवावा लागतो. थंड पाण्याचे जार उन्हात रस्त्याकडेला उतरवून ठेवले तर त्या दिवसाचा धंदा तिथेच संपला. हाच हिशेब उलटा करून पाहा. सध्याचा रॅक अंगावर घेऊन ही गाडी कायद्याने ३७ जार नेऊ शकते. साठ खणांचे पैसे घेऊन सदतीस जारची गाडी तुम्ही आमच्या हातात दिली.

आता २६५ किलो कुठून आले ते सांगतो, कारण ते टाळता आले असते. हौद्याला कंपनीचा पत्रा आधीच आहे. त्याच्यावर तुमच्या मिस्त्रीने ३ मिलिमीटरची चेकर्ड प्लेट (उठावाची नक्षी असलेला लोखंडी पत्रा) पसरली. आठ फूट बाय पाच फुटांच्या त्या प्लेटचं वजन ९५ किलोच्या आसपास भरतं, म्हणजे चार जार फुकट गेले. शिवाय प्लेट आणि मूळ पत्रा यांच्यामध्ये धुतलेलं पाणी शिरतं, त्याला बाहेर यायला वाट नाही. कोपऱ्यातलं एकच भोक, तेही पाईपच्या पायाखाली झाकलं गेलंय. प्लेटला उतारही नाही. त्यामुळे हौद्याचा मूळ पत्रा खालून गंजायला लागलाय, वर शेवाळ धरतंय आणि वास येतो. जारचं बूड त्या पाण्यात भिजतं आणि तोच जार पुढे मांडवात पांढऱ्या टेबलक्लॉथवर जाऊन बसतो. गिऱ्हाईक पाण्याची चव नंतर बघतं, आधी बुडाचा काळा गोल बघतं.

तिसऱ्या मजल्याबद्दल. जारची उंची १८ इंच, तुम्ही मजल्यांमधलं अंतर २१ इंच ठेवलंय, ते बरोबर आहे. झाकण न अडकता जार तिरका करून काढता येतो. पण तीन मजले केल्यावर भरलेल्या जारच्या वजनाचा मध्य हौद्याच्या तळापासून ३० इंचांवर जातो. दोन मजले असते तर तो साडेएकोणीस इंचांवर राहिला असता. साडेदहा इंचांचा हा फरक वळणावर लगेच कळतो, गाडी बाहेरच्या बाजूला झुकते आणि स्प्रिंगचे पाटे एका अंगाला बसतात. वरच्या मजल्याचं बूड जमिनीपासून सहा फुटांवर आहे. चोवीस किलोचा जार डोक्याच्या उंचीवरून ओढून काढायचा, तोही दोन्ही हात वर असताना, म्हणजे खांदा उतरण्याची हमी. उतरवताना आणखी एक गोष्ट होते, ती तुमच्या ड्रॉइंग काढणाऱ्याच्या लक्षात आलेली नाही. रस्त्यावर उजवीकडून वाहनं जातात म्हणून पोरं नेहमी डाव्या बाजूचे जार आधी काढतात. निम्मी गाडी रिकामी झाली की डावीकडे शून्य आणि उजवीकडे ३० जारचे ७२० किलो. वजन खाली असेल तर गाडी हे सोसते. तिसऱ्या मजल्यासकट सोसत नाही.

पाणी सांडण्याची तक्रार तुमच्या माणसाने "तोट्या हलक्या आहेत" म्हणून उडवून लावली. तोट्या हलक्या नाहीत. नव्या तोट्या आणि नवे वायसर टाकूनही तेच होतं, कारण चूक मापात आहे. जारचा व्यास १३ इंच, तोटी पुढे दोन इंच येते, म्हणजे खण निदान साडेपंधरा इंच खोल पाहिजे. तुम्ही १४ इंच दिलाय. तोटी खणाच्या बाहेर एक इंच डोकावते. जार पडू नये म्हणून जी आडवी दांडी लावली आहे, ती खणाच्या तळापासून तीन इंचांवर आहे. तोटीचा मध्य अडीच इंचांवर. म्हणजे दांडी थेट तोटीच्या खटक्यावर येते. गतिरोधकावर जार उचलला जाऊन पुढे सरकतो, दांडी खटका दाबते, पाण्याची एक चूळ बाहेर पडते, जार परत मागे बसतो. वैरागला पोचेपर्यंत बाहेरच्या रांगेतले काही जार दोन-अडीच लिटरने हलके झालेले असतात. आतल्या रांगेला दांडी नाही, तिथे पुढच्या जारची पाठच तोटी दाबते. काही ठिकाणी तोटीच्या मागचं चेकनट सैल होऊन जारच्या भिंतीला बारीक चीर पडली आहे. एकदा तिथून पाणी पफमध्ये शिरलं की तो जार थंडावा धरत नाही. तो टाकूनच द्यावा लागतो.

दांडी तळापासून ११ ते १२ इंचांवर हवी, जारच्या पोटाला टेकणारी, रबरी नळी चढवलेली. आतल्या आणि बाहेरच्या रांगेमध्ये तेवढ्याच उंचीवर दुसरी दांडी हवी. हौद्याची आतली रुंदी ६४ इंच आहे. साडेपंधराच्या चार रांगांना ६२ इंच लागतात. जागा पुरते, मुद्दाम मोजून पाहिली आहे.

वेल्डिंगचं काय झालंय ते फोटोत दिसेल. उभ्या पाईपच्या पायाशी, डाव्या बाजूला, रंगाखाली आधी दोऱ्याएवढी तांबूस रेघ उमटते. खरवडून पाहिलं की तडा. चारही बाजूंनी सलग वेल्डिंग करायचं सोडून फक्त टाके मारले आहेत, एका पायाला तीन, कुठे दोनच. रॅकमध्ये एकही तिरका आधार नाही, सगळे चौकोन. चौकोनी सांगाडा आडवा झुकतो तेव्हा सगळा पीळ पायाच्या जोडावर येतो आणि तिथे टाका असेल तर तो सुटणारच. रस्त्याने फक्त वेळ लवकर आणली. पाईपबद्दलही एक शंका होती, ती कापलेल्या तुकड्यावर व्हर्नियर लावून मिटवली. कोटेशनमध्ये १६ गेज, म्हणजे १.६ मिलिमीटर. प्रत्यक्षात १.२ भरली, म्हणजे १८ गेज. पाईपची खालची तोंडं उघडी ठेवल्याने पाणी आत जाऊन ती आतूनही गंजतायत, बाहेरून रंग मारून त्याला काही होत नाही.

जार ठेवायच्या पट्ट्या "एसएस ३०४", म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या ३०४ दर्जाच्या, लिहिल्या आहेत. ब्लीचिंगच्या पाण्याने रॅक धुतल्यावर त्यांच्यावर तपकिरी टिपके आले. तुमचा माणूस चुंबक लावून दाखवत होता, चिकटलं नाही म्हणजे ३०४. तसं नसतं, २०२ या हलक्या दर्जालाही चुंबक सहसा चिकटत नाही. आम्ही तुकड्याची स्पेक्ट्रो टेस्ट (धातूत काय किती आहे याची तपासणी) करून घेतली. निकेल साडेचार टक्क्यांच्या आसपास निघालं, मँगनीज त्याच्या दुपटीजवळ. ३०४ मध्ये निकेल निदान आठ टक्के लागतं. हा माल २०२ चा आहे. तुमच्याकडे मिल टेस्ट सर्टिफिकेट (माल बनवणाऱ्या कारखान्याचा दर्जाचा दाखला) असेल तर त्याची प्रत पाठवा.

छताला काळा रंग दिलेला साधा पत्रा आहे. एप्रिल-मे महिन्यात सोलापूर जिल्ह्यात पारा ४२ च्या वर जातो, आणि लग्नसराई नेमकी तेव्हाच असते. काळा पत्रा वरच्या मजल्याच्या झाकणापासून चार बोटांवर, बाजूंना हवा जायला फट नाही. वरचे जार खालच्यांच्या कितीतरी आधी कोमट होतात, आणि मांडवात पोचल्यावर पोरं सोयीने वरचेच आधी उतरवतात. म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती पहिला पेला कोमट जातो.

शेवटचा दोष जास्त धोक्याचा आहे. रॅकचे दोन पाय तुम्ही चेसिसला वेल्ड केले आहेत. चेसिसच्या पट्टीला वेल्डिंगची आच लागली की ती जागा कमकुवत होते, आणि गाडीच्या कंपनीची वॉरंटीही तिथून पुढे धरली जात नाही. यू-क्लॅम्प, मध्ये रबर, वर लॉकनट, एवढ्यावर हे काम होतं. शिवाय मूळ बांधणीत असा बदल करायचा तर कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते; मंजुरी नसेल तर मालकाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. "पासिंगचं आम्ही बघतो" असं तुमच्या विक्री प्रतिनिधीने व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं. ते अजून कुणी बघितलेलं नाही.

आमची मागणी अशी आहे. सध्याचा रॅक उतरवून दोन मजल्यांचा, ४० जारचा नवा रॅक विनामूल्य बसवून द्यावा. चेकर्ड प्लेट काढून टाकावी, मूळ पत्र्याचा गंज घासून प्रायमर मारावा, हौद्याला मागच्या बाजूस चार भोकं ठेवावीत. चेकर्ड प्लेट आणि तिसरा मजला गेल्यावर जे वजन वाचतं त्यात १६ गेजची पाईप आणि दोन्ही बाजूंना तिरके आधार बसतात, रॅकचं एकूण वजन १७० किलोच्या आत राहतं. ४० जारचे ९६० किलो, रॅक १७०, माणसं १३०, मिळून १,२६०. गाडी हिशेबात राहते. सर्व जोड सलग वेल्डिंगचे, पाईपची तोंडं बंद, पट्ट्या सर्टिफिकेटसह ३०४ च्या. छत पांढरं, २५ मिलिमीटर पफ पॅनेलचं, बाजूंना वरती हातभर मोकळी जागा. पाय यू-क्लॅम्पने बसवावेत, आणि चेसिसवरचं जुनं वेल्डिंग ग्राइंड करून त्या जागेची गाडीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तपासणी करून द्यावी, खर्च तुमचा. आरटीओची मंजुरी मिळवून द्यावी. हे होत नसेल तर रॅक घेऊन जा आणि १,००,३०० रुपये परत करा. चिरलेल्या जारची किंमत दोन्ही परिस्थितीत वेगळी द्यावी लागेल, यादी सोबत आहे.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास सोलापूर जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करू. "धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला ग्राहक कायदा लागत नाही" असं तुमच्या कार्यालयातून ऐकवलं गेलं, त्यालाही इथेच उत्तर देतो. २०१९ च्या कायद्यात स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठीच घेतलेली वस्तू त्या अपवादातून वगळली आहे. आम्ही दोन भागीदार स्वतः गाडी भरतो, स्वतः चालवतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही.

काम करायचं ठरलं तर गाडी कारखान्यात किती दिवस राहील ते आधी कळवा, म्हणजे तेवढ्या दिवसांसाठी भाड्याची गाडी बघता येईल. तिचं भाडंही तुमच्याकडेच लागू. लग्नाच्या तिथींची यादी सोबत जोडली आहे, त्या तारखा सोडून कोणतीही चालेल.

आपले,
भागीदार, थंड पाणी जार पुरवठा,
बार्शी, जि. सोलापूर

सोबत: बिल व कोटेशनची प्रत, वजनकाट्याच्या दोन पावत्या, स्पेक्ट्रो टेस्टचा अहवाल, जोडांचे व तोट्यांचे फोटो, चिरलेल्या जारची यादी, लग्नतिथींची यादी