टक्केवारी म्हणजे चोरी नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘शोधनिबंधातली चोरी आता यंत्रच पकडणार’ ही आपली कालची बातमी वाचली. यंत्र, म्हणजे ते तपासणीचं सॉफ्टवेअर, चोरीबिरी काही पकडत नाही. आधीच्या लिखाणाशी जुळणारे शब्द रंगवून त्यांची टक्केवारी दाखवतं, एवढंच. चोरी आहे की नाही, हे नियतकालिकाच्या संपादकानं रिपोर्ट उघडून ठरवायचं असतं. तेवढंच नेमकं होत नाही.

आमच्या तालुक्यातल्या एका प्राध्यापिकाबाईंचा गुलाबी बोंडअळीवरचा निबंध एका नियतकालिकानं ‘31 टक्के’ एवढाच शेरा मारून परत पाठवला. रिपोर्ट मागवला तेव्हा कळलं, 12 टक्के तर निव्वळ संदर्भसूची! 8 टक्के ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातला त्यांचा स्वतःचाच प्रबंध, आणि निबंध त्यातूनच काढल्याचं पहिल्याच पानावर तळटीपेत लिहिलेलं. 6 टक्के कार्यपद्धती: पतंगांना वासानं ओढणारे कामगंध सापळे किती अंतरावर लावले, हिरवी बोंडं फोडून अळ्या कशा मोजल्या. ही वाक्यं वेगळी दिसावीत म्हणून पऱ्हाटी उलटी पेरायची काय? उरलेले 5 टक्के चार-पाच शब्दांचे फुटकळ तुकडे.

संदर्भसूची, योग्य श्रेय दिलेली अवतरणं आणि सलग 14 शब्दांपर्यंतचे योगायोगाचे तुकडे धरू नका, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2018चे नियमच सांगतात. 10 टक्क्यांपर्यंतच्या साम्याला असलेली सूटही हे सगळं वगळून मोजायची. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी दोन-तीन खुणा कराव्या लागतात, मिनिटभराचं काम. मग एकूण आकडा बाजूला ठेवून एकेक स्रोत बघायचा. तीस ठिकाणचा एकेक टक्का बहुधा निरुपद्रवी असतो. एकाच निबंधातून आलेले सलग 9 टक्के, तेही निष्कर्षात, हा खरा मामला.

मराठी निबंधांची तर आणखीच मौज. युनिकोडमधला मजकूर उचलून कृतिदेव या जुन्या फॉंटमध्ये (दिसायला मराठी, आत इंग्रजी अक्षरं) बसवला की ‘कापूस’ यंत्राला ‘डी-के-आय-डब्ल्यू-एल’ दिसतो. जुळणार कशाशी? शून्य टक्के! पानांचे फोटो काढून पीडीएफ केली तर वाचायला अक्षरच नाही. असे सज्जन सुखरूप सुटतात, आणि बाई मात्र अडकतात. बातमीत यातलं एक अक्षर नाही.

आणखी एक. रविवारची पुरवणी आमच्याकडे सोमवारी दुपारी येते, तीही कधीकधी येतच नाही. पैसे मात्र रविवारचेच घेतले जातात. वितरण विभागाला दोनदा कळवून झालं आहे.

आपला,
एक वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ