घट बसण्याआधी कॅसेटी भंगारात घालू नका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

घट बसण्याआधी घर धुऊन काढायची आपली रीत. गोधड्या नदीवर, डबे अंगणात आणि माळ्यावरची ट्रंक भंगारवाल्याच्या गाड्यावर. त्या ट्रंकेत हल्ली हमखास निघतात त्या कॅसेटी. सिनेमाच्या छापील कॅसेटी गेल्या तर फारसे बिघडत नाही, ती गाणी मोबाइलवर मिळतात. पण ज्यांच्या कागदावर पेनने काहीतरी खरडले आहे, त्या जपाव्यात. रेडिओवरून उतरवून घेतलेले नाट्यसंगीत, गल्लीतल्या मंडळाचे एकादशीचे भजन, जात्यावरच्या ओव्या, कुणाच्या वाड्यातली घरगुती बैठक. यांची दुसरी प्रत सहसा कुठेच नसते. जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अल्लादियाखाँसाहेब कोल्हापुरात शाहू महाराजांच्या पदरी राहिले, इथून त्यांची गायकी देशभर गेली, पण त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही. तेव्हा साधने तुटपुंजी होती. आता ती घरात पडून आहेत.

पहिले काम अर्ध्या मिनिटाचे. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन्ही कोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या टिकल्या असतात, त्या मोडून टाकाव्यात. मग रेकॉर्डचे बटण चुकूनही दाबले जात नाही आणि ओव्यांवर क्रिकेटची कॉमेंट्री चढत नाही.

दुसरे, कॅसेटच्या खिडकीतून फितीची गुंडाळी उजेडात नीट बघावी. आपला पाऊस चार महिने, त्यामुळे कडेला पांढुरके ठिपके किंवा पिठासारखी साय दिसणे नवलाचे नाही. ती बुरशी. अशी कॅसेट थेट चांगल्या डेकमध्ये, म्हणजे टेपरेकॉर्डरमध्ये, घालू नये. एक तर वेटोळी एकमेकांना चिकटून फीत तुटते, शिवाय बुरशी फितीवरचा आवाज वाचणाऱ्या हेडवर बसून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर ठेवावी. उन्हात मुळीच नाही, कवच वाकते. मग नाकाला रुमाल बांधून, एखाद्या जुन्यापुराण्या टेपवर ती एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण फिरवावी. बुरशी नसली तरी हे फिरवणे करावेच, कारण वीस-तीस वर्षे एकाच जागी पडलेली गुंडाळी आवळून बसलेली असते.

आवाज एकदम बसका येत असेल किंवा मध्येच नाहीसा होत असेल, तर कॅसेटच्या तोंडाशी, जिथे फीत उघडी दिसते तिथे, पाहावे. तांब्याच्या रंगाच्या पातळ पट्टीवर फेल्टचा चौकोनी तुकडा असतो, तोच फितीला हेडवर दाबून धरतो. जुना गोंद सुकून तो गळून पडतो. अशा वेळी दोन्ही गुंडाळ्या उचलून दुसऱ्या चांगल्या कवचात बसवाव्यात. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर काम सोपे. स्वस्तातली चिकटवलेली असेल तर सांध्यात पाते घालून हलक्या हाताने उकलावी लागते. सिनेमाच्या छापील कॅसेटी इथे कामाला येतात, त्यांची कवचे वापरावीत.

टेपरेकॉर्डरची सफाई म्हणजे हेड, त्याशेजारचा स्टीलचा बारीक दांडा आणि त्याला टेकणारा रबरी रोलर. इलेक्ट्रॉनिक सामानाच्या दुकानात आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळते, ते कानकाडीच्या कापसाला लावून हेड आणि दांडा पुसावा, कापूस तपकिरी व्हायचा थांबेपर्यंत. रबराला मात्र साबणाच्या पाण्याचा ओलसर बोळा पुरे. अल्कोहोलने रबर वाळून कडक होते. पेट्रोल, थिनर, अत्तर असले काही जवळ आणू नये.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो वेगाचा. फीत सेकंदाला 4.76 सेंटीमीटर पळायला हवी. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या मशिनचा रबरी बेल्ट सैल झालेला असतो, मग वेग कमी पडतो आणि डोलतोही. हे डोलणे शब्दांत फारसे कळत नाही, तानपुऱ्यात किंवा पेटीच्या धरलेल्या सुरात लगेच कळते: सूर पाण्यावर तरंगल्यासारखा हलतो. बेल्ट बदलल्याशिवाय पुढे जाऊच नये. वेग कमी-जास्त आहे का हे पट्टीवरून ताडता येते. वेगातला 6 टक्क्यांचा फरक म्हणजे अर्ध्या सुराचा फरक. काळी एकमध्ये गाणारे बुवा पांढरी एकमध्ये उतरतात. साथीच्या पेटीचा षड्ज आपल्या पेटीच्या कोणत्याच पट्टीवर बसत नसेल तर संशय घ्यावा, मात्र जुन्या पेट्या मुळातच थोड्या वर-खाली लागलेल्या असत हेही ध्यानात ठेवावे.

डेकवर डॉल्बीचे बटण असेल तर जपून. कोल्हापुरात डॉल्बी म्हटले की मिरवणुकीत तावदाने थरथरवणारी भिंत डोळ्यांपुढे येते. कॅसेटवरची डॉल्बी नेमकी उलट कामाची, फितीची सळसळ दाबण्याची. कॅसेटवर तशी खूण नसेल तर बटण बंद ठेवावे, नाहीतर आवाज गोणपाटाखालून आल्यासारखा येतो.

मोबाइल स्पीकरसमोर धरून रेकॉर्डिंग करू नये, त्यात पंखा आणि कुकरची शिट्टी येते. डेकच्या लाइन-आउटला किंवा हेडफोनच्या भोकाला स्टिरिओ वायर जोडून ती संगणकाच्या लाइन-इनमध्ये द्यावी. लॅपटॉपला बहुधा माइकचेच भोक असते, तिथे आवाज फाटतो. लाइन-इन असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड घ्यावे. ऑडॅसिटी हे फुकट सॉफ्टवेअर पुरते. 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट, वेव्ह फाइल. साठ मिनिटांची कॅसेट सुमारे 635 एमबी जागा घेते. पातळी अशी ठेवावी की चढ्या तानेलाही काटा उणे 6 डेसिबलच्या वर जाऊ नये. शून्याला टेकून फाटलेला आवाज पुन्हा शिवता येत नाही.

गावात पैसे घेऊन कॅसेट उतरवून देणारे आहेत. त्यातले काही थेट एमपीथ्री देतात आणि वर खरखर काढून ‘स्वच्छ’ करून देतात. बैठकीच्या मुद्रणात ही सफाई घातक. एकसारखा चाललेला आवाज म्हणजे खरखर, असे सॉफ्टवेअर धरते, आणि तानपुरा एकसारखाच चालतो. गाणे सुरू होण्याआधीचा तुकडा नमुना म्हणून दिला की तानपुऱ्याची आसच पुसली जाते, मागे उरतो तो डब्यातून आल्यासारखा गळा. म्हणून मूळ वेव्ह फाइल न छाटता, न धुता मागून घ्यावी. सुरुवातीचे खोकणे, निवेदन, चहाच्या कपांचा आवाज, सगळे राहू द्यावे. गाणे कुठे आणि केव्हा झाले, याचा पुरावा पुष्कळदा तेवढाच असतो. कॅसेटच्या कागदाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढावेत आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना आताच ऐकवून आवाज कोणाचा, तबल्यावर कोण, हे फाइलच्या नावात लिहावे. एक प्रत दुसऱ्या घरी ठेवावी, 2019 आणि 2021 च्या पुराचे पाणी जिथे पोचले नव्हते अशा.

हे सगळे प्रत्येक घराला जमणार नाही, हे कबूल. देवल क्लब ही संगीतसंस्था किंवा करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय, यांसारख्या संस्थेने एक चांगला डेक दुरुस्त करून, आठवड्यातून दोन दिवस एक जाणता माणूस बसवला तर खर्च फार नाही. साठची कॅसेट उतरवायला तासच लागतो, घाईने दुप्पट वेगात उतरवू नये. दिवसाला सहा-सात कॅसेटी सहज होतील. लोकांनी कॅसेट, तिचा कागद आणि एक पेनड्राइव्ह घेऊन यावे.

आपला,
एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर