रेव्हेन्यूवाल्याची लेक

मेरीव्हिल, टेनेसी

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुमची नोकरी इथे भलतीच गाजतेय. वडील काय करायचे, असं शेजारच्या आजोबांनी विचारलं. "दारूबंदीत होते, हातभट्ट्या फोडायचे," असं मी म्हटल्यावर म्हातारा पोट धरून हसला. त्यांचे आजोबा डोंगरात चोरून मक्याची दारू गाळायचे! छापे घालणाऱ्या सरकारी माणसांना इकडे 'रेव्हेन्यूवाले', म्हणजे करवाले, म्हणत. तेव्हापासून मी 'रेव्हेन्यूवाल्याची लेक'.

त्यांच्या गोष्टींत दारू आणि इथलं यादवी युद्ध, म्हणजे गुलामगिरीवरून उत्तर-दक्षिण राज्यांत झालेली लढाई, एकत्रच येतं. आधी वाटलं, वयामुळे सरमिसळ होत असेल. पण तसं नाही. पूर्वी इथे दारू गाळणं गुन्हा नव्हता. घाटातून मका वाहून नेण्यापेक्षा त्याची दारू नेणं परवडायचं. १८६२ साली लिंकनच्या सरकारने युद्धाच्या खर्चासाठी दारूवर गॅलनला २० सेंट कर बसवला. १८६५ मध्ये तो २ डॉलरवर गेला. युद्ध संपलं, कर राहिला, आणि तो चुकवून दारू गाळणं गुन्हा झाला.

गंमत म्हणजे हे डोंगरी लोक बरेचसे त्याच सरकारच्या बाजूचे. इथे मोठे मळे नव्हते, गुलामही थोडे. टेनेसी दक्षिणेला मिळालं, पण जून १८६१ च्या मतदानात या पूर्व भागाने फुटण्याविरुद्ध साधारण दुपटीने कौल दिला होता. आणि पुढे त्याच सरकारची माणसं यांची तांब्याची भांडी कुऱ्हाडीने फोडायला आली.

आजोबांना घेऊन आम्ही केड्स कोव्हला गेलो होतो. डोंगरांच्या मधलं खोरं आहे, आई, तुला फार आवडेल. तिथल्या चर्चच्या आवारात रसेल ग्रेगरी नावाच्या म्हाताऱ्याची कबर आहे. नॉर्थ कॅरोलिनाच्या बंडखोरांनी (म्हणजे दक्षिणेच्या बाजूच्यांनी) याचा खून केला, असं सरळ दगडावर कोरलंय. साल १८६४. त्या टोळीत त्याचा स्वतःचा मुलगा होता म्हणतात. आजोबा तिथे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांच्या पणजीने रानात लपवलेल्या गायीचं सांगू लागले. गाय कोणी नेली, ते आडनाव त्यांना अजून पाठ आहे. मात्र त्यांच्या आजोबांना पकडून नेणाऱ्या रेव्हेन्यूवाल्याचं नाव त्यांच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. 'तो पगारी माणूस, त्याचं काम होतं,' एवढंच म्हणाले. मला वाटतं राग असतो तो शेजाऱ्यावर.

बाबा, तुम्ही छाप्यांबद्दल कधीच बोलला नाहीत. मला आठवतं ते एवढंच, की तुम्ही रसायनाची पिंपं ओतून आलात की आई तुमचे कपडे घरात घेऊ द्यायची नाही. आजोबांचा तुम्हाला एक प्रश्न आहे: रात्री धूर दिसत नाही, मग भट्टी सापडायची कशी? वासावर, की गावातलाच कोणी चुगली करायचा? त्यांच्या आजोबांची भट्टी कोणी दाखवली, याचा त्यांना दाट संशय आहे. फोनवर तुम्ही दोन वाक्यांत उरकता, म्हणून लिहूनच पाठवा. मी त्यांना वाचून दाखवीन.

आईच्या गुडघ्याचं कळवा.

तुमची,
सुमी