सोर्स फाईलची माहिती दुरुस्त करण्याची सोय परत द्या

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय : नव्या आवृत्तीत सोर्स प्रॉपर्टीज बदलता येत नसल्याबद्दल तक्रार.

महोदय,

साताऱ्यात मी लग्नसमारंभांच्या जुन्या टेप्स डिजिटल करून देते. या कामासाठी तुमच्या एन्कोडिंग (व्हिडिओ फाईल दुसऱ्या स्वरूपात बदलणाऱ्या) सॉफ्टवेअरचा वार्षिक परवाना घेतला आहे. ताज्या अपडेटनंतर मात्र लोकांच्या टेप्स या सॉफ्टवेअरच्या हवाली करणे मला धोक्याचे वाटू लागले आहे.

पूर्वी फाईल यादीत टाकली की सोर्स प्रॉपर्टीजमध्ये, म्हणजे मूळ फाईलच्या माहितीच्या विंडोत, फ्रेम रेट, फील्ड ऑर्डर (फील्डचा क्रम), पिक्सेल आस्पेक्ट रेशो (पिक्सेलच्या रुंदी-उंचीचे प्रमाण), कलर मॅट्रिक्स (रंगांचे सूत्र) सगळे दिसायचे आणि चुकले असेल ते तिथेच बदलता यायचे. आता ती विंडो नुसती वाचायची. सॉफ्टवेअर ओळखेल ते खरे मानायचे, आणि ते चुकीचे ओळखते.

आपल्याकडच्या मिनीडीव्ही टेप्स पाल पद्धतीच्या आहेत : ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या, वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या दोन फील्डची. डीव्हीमध्ये खालचे फील्ड आधी येते. तुमचे सॉफ्टवेअर माझ्या एव्हीआय फाईल्सना 'अपर फील्ड फर्स्ट' (वरचे फील्ड आधी) ठरवते. त्यावरून सेकंदाला ५० पूर्ण फ्रेमचे (प्रोग्रेसिव्ह) आउटपुट काढले की प्रत्येक फ्रेममधल्या दोन क्षणांचा क्रम उलटतो. स्टेजवर बसलेले पाहुणे ठीक दिसतात. वरात निघाली, लेझीम सुरू झाली, की हात पुढे जातो, मागे येतो, पुन्हा पुढे जातो; पाहवत नाही. तुमच्या प्रीव्ह्यूत एकच स्थिर फ्रेम दिसते, त्यामुळे एन्कोडिंग होईपर्यंत हा दोष कळायचा मार्गच नाही.

१६:९ मध्ये चित्रित केलेल्या टेपचीही चौकट ७२० बाय ५७६ चीच असते. पिक्सेल रुंद धरून ती १०२४ बाय ५७६ दिसायला हवी. तुम्ही पिक्सेल चौरस धरता आणि नवरा-नवरी उंच, किडकिडीत दिसतात. आउटपुटची रुंदी हाताने १०२४ केली तर सॉफ्टवेअर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या घालते, कारण त्याला सोर्सच चुकीचा समजलेला असतो. बीटी.६०१ या जुन्या व्हिडिओच्या रंगमानकाचे फुटेज बीटी.७०९ या एचडीच्या मानकाचे धरल्याने शालूचा रंगही ढळतो.

तुमच्या प्रतिनिधीने कळवले की सॉफ्टवेअर मेटाडेटा (फाईलमध्येच नोंदलेली तिची माहिती) आपोआप वाचते, त्यामुळे हाताने बदलायची गरज उरलेली नाही. हे मला अजिबात मान्य नाही. जुन्या कॅप्चर प्रोग्रॅमनी केलेल्या फाईल्समध्ये मेटाडेटा अर्धवट असतो, कधी साफ चुकीचा असतो. अशा वेळी टेप पाहिलेल्या माणसालाच खरे ठाऊक असते. शिवाय याच फाईल्स मीडियाइन्फो या फाईलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडल्या तर 'बॉटम फील्ड फर्स्ट' असे स्वच्छ दिसते, आणि मोफत मिळणाऱ्या एफएफएमपेग या व्हिडिओ प्रोग्रॅममध्ये 'सेटफील्ड' फिल्टरने हा क्रम दुरुस्त करता येतो. पैसे घेऊन विकलेल्या सॉफ्टवेअरमधून तीच सोय का काढली?

डिजिटल फाईल हातात पडली की बरेच लोक टेप टाकून देतात. त्या टेपवर कुणाच्या आजीचे चालणे-बोलणे एवढेच उरलेले असते. ते चुकीच्या क्रमाने एन्कोड होऊन कायमचे तसेच राहावे, हे मला सहन होत नाही.

सोर्स प्रॉपर्टीजमधली दुरुस्तीची सोय परत द्यावी आणि ती एकाच वेळी अनेक फाईल्सना लागू करता यावी. कुठली माहिती फाईलमधून वाचली आणि कुठली सॉफ्टवेअरने अंदाजाने भरली, हे तिथेच दिसावे. हे होईपर्यंत मला जुनी आवृत्ती वापरू द्यावी. जमत नसेल तर परवान्याच्या उरलेल्या मुदतीचे पैसे परत करावेत. नमुन्याची फाईल आणि तिचा मीडियाइन्फो अहवाल सोबत जोडला आहे.

३० दिवसांत लेखी उत्तर मिळावे. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी वस्तू विकत घेऊन वापरणाराही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहकच ठरतो. उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन.

आपली,
एक परवानाधारक ग्राहक, सातारा