गिटारच्या वर्गात टाळी-खालीही हवी

महोदय,

माझ्याकडे गिटार शिकायला येणारी काही महाविद्यालयीन मुले अलीकडे ‘मॅथ रॉक’ची गाणी शिकवा म्हणून मागे लागतात. १९९०च्या दशकात अमेरिकेत रुजलेल्या आणि पुढे जपानमधील ‘टो’सारख्या बँडनी आपलाशा केलेल्या या प्रकारात चार-चार मात्रांची सरळ चाल फार वेळ टिकत नाही, पाच, सात, अकरा मात्रांचे तुकडे एकामागून एक येतात आणि गिटारचे सूर त्यांतून धावत राहतात. मुले जिथे अडखळतात, नेमकी तिथे आपल्याकडची तालाची शिकवण उपयोगी पडते. मात्र मुंबईतल्या मी पाहिलेल्या गिटारवर्गांत तिला जागा नाही.

बोटांची अडचण त्या मानाने लवकर सुटते. ‘अमेरिकन फुटबॉल’ या बँडच्या १९९९च्या अल्बममुळे लोकप्रिय झालेल्या एफ-ए-सी-जी-सी-ई या जुळवणीत नेहमीच्या सहापैकी तीनच तारा बदलतात : सर्वांत जाड तार अर्ध्या स्वराने चढते, चौथी एका स्वराने उतरते, दुसरी अर्ध्या स्वराने चढते. पाठ केलेल्या कॉर्डच्या आकृत्या तिथे निरुपयोगी ठरतात, तरी मोकळ्या तारा एकत्र छेडल्या तरी गोड वाजत असल्याने मुले खूश असतात. उजव्या हाताची बोटे थेट पट्टीवर आपटून सूर काढण्याचे टॅपिंगही सरावाने जमते.

जमत नाही ती मोजणी. इंटरनेटवरच्या टॅबमध्ये, म्हणजे तारा-पट्ट्यांच्या आकड्यांत लिहिलेल्या गाण्यात, बोट कुठे ठेवायचे ते कळते. आवर्तन, म्हणजे मात्रांचा एक पूर्ण फेरा, कुठून सुरू झाले हे मुले त्यात पाहतच नाहीत. ठरावीक लयीत ठोके देणारा मेट्रोनोमही फसवतो. ७/८च्या, म्हणजे सात मात्रांच्या, चालीत त्याचा ठोका पाव स्वरावर, म्हणजे दर दोन मात्रांना, लावला, तर तो एका आवर्तनात समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, आणि पुढच्यात सम चुकवून दुसऱ्या मात्रेवर पडतो. ठोका आठव्या स्वरावर, म्हणजे दर मात्रेला, लावून लय निम्म्यावर आणली, तरच काही निभाव लागतो.

अशा वेळी मी गिटार बाजूला ठेवायला लावतो आणि हातावर सात मात्रांचा रूपक ताल धरायला सांगतो : ती ती ना, धी ना, धी ना. तीन-दोन-दोन अशी विभागणी अंगात मुरली, की तेच सात दोन-दोन-तीन असे फिरवता येतात. पाचासाठी दहा मात्रांच्या झपतालाचा अर्धा भाग पुरतो. दोन गिटारींपैकी एक सात मात्रांत आणि दुसरी चारांत फिरत असेल, तर त्या अठ्ठावीस मात्रांनंतर भेटतात, हे तिहाईचा, म्हणजे तीनदा वाजवून समेवर आणायच्या तुकड्याचा, हिशेब करणाऱ्या तबल्याच्या विद्यार्थ्याला समजावून सांगावे लागत नाही.

एवढ्यावरून ‘हे सगळे आपल्याकडे आधीपासूनच होते’ असे म्हणणाऱ्यांशी मात्र मी सहमत नाही. आपल्याकडे आवर्तन ठरलेले असते आणि त्याच्या आत कितीही खेळ केला तरी सम हलत नाही. मॅथ रॉकमध्ये आवर्तनाची लांबीच ओळीगणिक बदलू शकते. रूपकात सम ‘खाली’वर, म्हणजे टाळी न देता हात मोकळा ठेवण्याच्या मात्रेवर, येते, तर रॉकचा ढोलकिया पहिली मात्रा बहुधा ठासून वाजवतो. उत्तम तबला वाजवणारी मुलेही सुरुवातीला इथे गोंधळतात, आणि तो गोंधळ त्यांच्याही फायद्याचा आहे.

दादर, पार्ले, डोंबिवलीत एकाच इमारतीत तबल्याचे आणि गिटारचे वर्ग वेगवेगळ्या दिवशी भरतात. संचालकांनी आठवड्यातला एक तास दोन्हींसाठी एकत्र ठेवावा, अशी माझी सूचना आहे. तिथे केवळ हातावर ताल धरून बोल म्हणायचे असल्याने अॅम्प्लिफायर लागणार नाही आणि शेजाऱ्यांची तक्रारही येणार नाही. त्याला परीक्षा आणि वेगळी फी मात्र जोडू नये. गिटारच्या श्रेणी परीक्षांनीच मुले आणि पालक पुरेसे दमलेले असतात.

आपला,
एक गिटारशिक्षक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई