नवी व्हीलचेअर राहू द्या, जुनीचे चाक दुरुस्त करून द्या

संपादक महोदय,

जयंती, पुण्यतिथी, वाढदिवस किंवा एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन यानिमित्ताने गरजूंना व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या वाटल्याची छायाचित्रे आपल्या दैनिकात आणि इतरत्रही नेहमी प्रसिद्ध होतात. देणाऱ्यांच्या हेतूविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु सांगलीतील एका लहानशा रुग्णसाहित्य केंद्रात गेली नऊ वर्षे रोज संध्याकाळी दोन तास बसणारा स्वयंसेवक म्हणून, छायाचित्र काढून झाल्यावर त्या खुर्चीचे पुढे काय होते हे वाचकांपुढे मांडावे असे बरेच दिवस मनात होते.

ज्यांना अशा केंद्राची कधी गरज पडलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. रुग्णालयातून घरी सोडल्यावर रुग्णाला काही आठवडे किंवा काही महिनेच लागणाऱ्या वस्तू, म्हणजे डोक्याकडून व पायाकडून उचलता येणारी फाउलर खाट, हवेची गादी, कमोड खुर्ची, वॉकर, व्हीलचेअर, घशातला कफ ओढून काढणारे सक्शन यंत्र, हवेतला प्राणवायू वेगळा करून देणारे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, या अनामत रक्कम ठेवून घेऊन नाममात्र भाड्याने किंवा विनामूल्य वापरायला द्यायच्या आणि गरज संपली की परत घेऊन पुढच्या घरी पाठवायच्या, एवढेच हे काम आहे. महाराष्ट्रातील अनेक शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही कुठे ज्येष्ठ नागरिक संघ, कुठे गणेशोत्सव मंडळ, कुठे वाचनालय तर कुठे एखादे देवस्थान ते करीत असते. बहुतेकांकडे एक खोली, एक नोंदवही, पावतीपुस्तक आणि चार-पाच निवृत्त माणसे याहून अधिक काही नसते.

या कामाची निकड कशी असते ते एका प्रसंगावरून ध्यानात येईल. एका रात्री केंद्र बंद करून कुलूप लावत असतानाच गावभागातला एक तरुण धापा टाकत आला. आई न्हाणीघरात घसरून खुब्याचे हाड मोडले होते, शस्त्रक्रिया झाली होती आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला घरी सोडणार होते. घर जुन्या वाड्याच्या माडीवर. आईची झोपायची जागा जमिनीवरच्या गादीवर, आणि डॉक्टरांनी तर खाली बसायचे नाही, मांडी घालायची नाही, असे बजावलेले. त्याने काकुळतीने विचारले, "काका, खाट मिळेल ना? मी दोन दुकानांत जाऊन आलो, तिथले भाडे मला झेपणारे नाही." आम्ही पुन्हा कुलूप काढले, खाटेच्या डोक्याकडची आणि पायाकडची पाटी सोडवली, शेजारच्या टेम्पोवाल्याला उठवले आणि चौघांनी मिळून सांगाडा त्या अरुंद लाकडी जिन्यावरून आडवा-तिरपा करीत वर नेला. दुसऱ्या दिवशी कमोड खुर्ची आणि वॉकर पोहोचवला. आजी अडीच महिन्यांनी वॉकर सोडून काठीवर आल्या.

त्या घरची शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली होती आणि त्यांना खिशातून फारसे काही द्यावे लागले नव्हते. ही योजना गरिबाला मोठाच आधार आहे, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. पण रुग्ण घरी आल्यावर जी शुश्रूषा सुरू होते तिच्यासाठी लागणारी खाट, गादी, कमोड यांची तजवीज त्या कुटुंबालाच करावी लागते. राज्य शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत दोन लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या, ६५ वर्षांवरील व्यक्तीला साहाय्यक साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. तेवढ्यात काठी, वॉकर किंवा साधी कमोड खुर्ची येते, फाउलर खाट येत नाही. शिवाय अपघातात पाय मोडलेला चाळिशीतला हमाल किंवा अर्धांगवायूने आडवी झालेली पन्नाशीची बाई या योजनेत बसत नाही. आमच्या नोंदवहीत अशीच माणसे अधिक आहेत.

हवेच्या गादीचे उदाहरण घ्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर, खांद्यांवर दाब पडून कातडी लाल होते आणि पुढे तिथे जखमा होतात. ज्या घरात एकटी सून किंवा एकटी वृद्ध पत्नी आहे, तिला रात्री बारा, दोन आणि चारला उठून हे करणे किती दिवस शक्य आहे? हवेच्या गादीचा छोटा पंप तिच्यातल्या कप्प्यांत आलटून पालटून हवा भरतो आणि सोडतो, त्यामुळे दाबाची जागा बदलत राहते. या गादीमुळे कूस बदलण्याचे काम टळत नाही, पण घरच्या माणसाची एखादी चूक पोटात घातली जाते. या गादीला सुई किंवा पिन लागली की ती गेली. पंपाची नळी वाकली की हवा जात नाही आणि रुग्ण थेट खालच्या पत्र्यावर टेकतो, वरून मात्र काही कळत नाही. म्हणून गादी परत आली की ती फुगवून, पाण्याचा फडका फिरवून कुठे बुडबुडे येतात ते पाहावे लागते, पंक्चर काढावे लागते, जंतुनाशकाने पुसून सावलीत वाळवावी लागते. एका गादीला अर्धा दिवस जातो. हा अर्धा दिवस कोणाच्याही देणगीच्या पावतीवर नसतो.

या न दिसणाऱ्या कामाकडेच मला लक्ष वेधायचे आहे. चार वर्षांपूर्वी आमच्या हातून एक चूक झाली. घाईच्या वेळी एक वॉकर पायांची रबरे न तपासता दिला गेला. एका पायाचे रबर झिजून आतली नळी उघडी पडली होती. त्या आजोबांच्या घरी गुळगुळीत फरशी होती. ते घसरले, सुदैवाने पलंगावर पडले म्हणून मनगटाला मुका मार लागण्यावर निभावले. त्यांच्या मुलाने आम्हाला एक शब्दही वावगा बोलला नाही, पण मला त्या रात्री झोप लागली नाही. ते रबर दुकानात चहा-नाश्त्याच्या पैशांत मिळते. त्या दिवसापासून चारही रबरे, उंचीची बटणे आणि व्हीलचेअरचे ब्रेक तपासून नोंदवहीत सही केल्याखेरीज एकही वस्तू दाराबाहेर जात नाही. पण तपासल्यावर जे सापडते ते दुरुस्त करायला पैसे लागतात, आणि तिथेच आमची गाडी अडते.

दरवर्षी आम्हाला नव्या व्हीलचेअर देऊ करणारे चार-पाच दाते भेटतात. खुर्चीच्या पाठीवर आई-वडिलांचे नाव रंगवता येते, तिचे छायाचित्र निघते, ही माणसाच्या मनाची स्वाभाविक ओढ आहे आणि तिचा मी आदर करतो. पण आमच्या खोलीत आज अकरा व्हीलचेअर उभ्या आहेत, त्यांतल्या पाच पुढच्या चाकाच्या बेअरिंगवाचून, पायदानावाचून किंवा फाटलेल्या बैठकीमुळे अडून आहेत. आणखी एक नवी खुर्ची ठेवायला जागा नाही आणि पाच जुन्या दुरुस्त करायला हात आखडता घ्यावा लागतो. बेअरिंगसाठी, ग्रीससाठी, वेल्डिंगवाल्याच्या मजुरीसाठी, टेम्पोच्या भाड्यासाठी देणगी मागितली की समोरचा माणूस किंचित हिरमुसतो, असा अनुभव आहे. वस्तुरूप देणगीला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही, ती पैशांच्या देणगीला मिळते आणि तीही जुन्या करप्रणालीतच, हे सांगितले तरी लोक वस्तूच आणून देतात. मोठ्या कंपन्यांना २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात, पण तो निधी मिळवण्यासाठी लागणारी नोंदणी, प्रकल्प अहवाल आणि परिणामांची कोष्टके तयार करणे हे पावतीपुस्तकावर चालणाऱ्या केंद्राच्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यांना शंभर खाटांचा प्रकल्प मंजूर करणे सोपे जाते, पाच चाकांचा नाही.

ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरची गोष्ट याहून हळहळ वाटावी अशी आहे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत माणसे प्राणवायूसाठी वणवण फिरत होती, तेव्हा देश-परदेशांतून, आपल्या मराठी मंडळांकडूनही, ही यंत्रे गावोगावच्या संस्थांना मिळाली. त्यांनी त्या दिवसांत किती जीव तारले हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. साथ ओसरली आणि ती यंत्रे कपाटात गेली. या यंत्रात हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारे झिओलाइटचे खडे असतात आणि त्यांना दमटपणा सोसत नाही. यंत्र महिनोन्‌महिने बंद राहिले की खडे ओलावा धरतात, मग ते सुरू होते, घरघरते, दिवा लागतो, पण बाहेर येणाऱ्या हवेत पुरेसा प्राणवायू नसतो. दर काही आठवड्यांनी यंत्र थोडा वेळ चालवणे, जाळी धुणे आणि प्राणवायूचे प्रमाण मोजून पाहणे एवढे केले तर ते टिकते. आमची दोन यंत्रे आम्ही अशी जपली आणि आज फुप्फुसांच्या जुन्या विकाराचे दोन रुग्ण त्यांवर आहेत. ज्या संस्थांच्या कपाटांत अशी यंत्रे अजून असतील त्यांनी कृपया आजच ती बाहेर काढून तपासून घ्यावीत.

सांगलीकरांना जागेचा प्रश्न वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. जड खाटा ठेवायला आणि पायांनी अधू माणसाला आत यायला खोली तळमजल्यावरच हवी. आणि तळमजला म्हटला की कृष्णामाई आलीच. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आम्ही वॉकर, काठ्या, यंत्रे माळ्यावर चढवली, पण नऊ खाटा खालीच राहिल्या. पाणी उतरल्यावर त्यांचे स्क्रू गंजून धरलेले, गाद्या चिखलाने फुगलेल्या. सहा खाटा आम्ही खरवडून, रंगवून पुन्हा उभ्या केल्या. २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच पळापळ झाली. महानगरपालिकेची अनेक समाजमंदिरे आणि बंद पडलेल्या शाळांच्या खोल्या पूररेषेबाहेरच्या भागांत कुलूपबंद आहेत. त्यांतली दोनशे चौरस फुटांची एखादी खोली नाममात्र भाड्याने अशा कामासाठी मिळाली तर दर पावसाळ्यात जीव टांगणीला लागणार नाही. हा प्रश्न मिरज, कोल्हापूर, चिपळूण, महाड येथल्या संस्थांनाही भेडसावत असणार.

आता थोडे वस्तू नेणाऱ्यांविषयी. बहुसंख्य माणसे वेळेवर, धुऊन-पुसून वस्तू परत आणतात. काही जण बाराव्या-तेराव्यानंतर येतात, खाट उतरवून देतात आणि अनामत रक्कम परत न घेता निघून जातात. एक खाट आमच्याकडे परत आली तेव्हा तिच्या कठड्याला देवघरातली लहानशी पितळी घंटा सुतळीने बांधलेली होती. वाचा गेलेले वडील रात्री हाक मारू शकत नव्हते म्हणून मुलीने ती बांधली होती. मी घंटा सोडवून तिच्या हातात ठेवू लागलो, तर ती म्हणाली, "राहू दे काका, पुढच्या माणसालाही लागेल." त्यानंतर ती खाट चार घरी जाऊन आली आणि घंटा अजून तिथेच आहे.

पण काही वस्तू परत येतच नाहीत. बेफिकिरीपेक्षा संकोच हे त्याचे मोठे कारण आहे, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. मुदत उलटून गेलेली असते, पावती हरवलेली असते, एखादे चाक तुटलेले असते आणि आता तोंड कसे दाखवायचे म्हणून ती वस्तू अडगळीत, गच्चीवर, गोठ्यात पडून राहते. गृहनिर्माण संस्थांच्या जिन्याखाली अशा किती कमोड खुर्च्या आणि वॉकर धूळ खात असतील, याचा सदस्यांनी एकदा आपापल्या इमारतीत फेरफटका मारून अंदाज घ्यावा.

आपल्याकडे माझी एक विनंती आहे. आपल्या दैनिकात पाणीपुरवठ्याच्या वेळा आणि रात्रपाळीची औषध दुकाने छापली जातात, त्याच जागी आठवड्यातून एकदा जिल्ह्यातील रुग्णसाहित्य केंद्रांचे पत्ते, वेळा आणि त्यांना त्या आठवड्यात नेमके काय हवे आहे ते, मग ती चार बेअरिंगे असोत किंवा शनिवारी दुपारी खाटा उचलायला दोन तरुण असोत, छापता आले तर वस्तू आणि गरज यांची गाठ लवकर पडेल. माहिती गोळा करून दर गुरुवारी आपल्या कार्यालयात आणून देण्याची जबाबदारी आम्ही चौघे जण घेऊ.

आणि ज्या वाचकांच्या घरी कोणत्याही केंद्राची वस्तू काम संपूनही राहून गेली असेल, त्यांनी ती मृग नक्षत्राच्या आत आणून द्यावी. पावती नसली तरी चालेल, चाक मोडलेले असले तरी चालेल, आणायला वाहन नसेल तर निरोप द्यावा, आम्ही येऊन घेऊन जाऊ. सध्या फाउलर खाटेसाठी आमच्याकडे सात नावे प्रतीक्षेत आहेत.

आपला,
रुग्णसाहित्य केंद्राचा एक स्वयंसेवक, सांगली