पीटर राइट आणि ते सहा डार्ट

मित्रा,

परवा फोनवर तू सहज बोलून गेलास की डार्ट्स, म्हणजे भिंतीवरच्या गोल बोर्डावर छोटे बाण (डार्ट) मारायचा खेळ, हा पबमधला टाइमपास, त्यात कसलं आलंय करिअर. तेव्हा घाईत होतो म्हणून सोडलं, पण डोक्यातून जाईना, म्हणून आता सविस्तर लिहितोय, सहन कर.

स्कॉटलंडचा डार्ट्स खेळाडू पीटर राइट घे. जन्म 1970 चा. 1995 मध्ये वर्ल्ड चॅम्पियनशिप खेळला आणि पहिल्याच राउंडला गारद, तेही रिची बर्नेटकडून, जो पुढे तीच स्पर्धा जिंकला. मग हा माणूस मोठ्या डार्ट्समधून गायबच. 2007 मध्ये घरी बसून टीव्हीवर डार्ट्सची ग्रँड स्लॅम स्पर्धा बघत होता, आणि यातल्या कित्येकांना मी हरवलंय म्हणून कुरकुरायला लागला, तर बायको म्हणाली मग जा ना, खेळ परत. तेव्हा हा 37 वर्षांचा! त्या वयात आपण जिमची फी भरून घरी बसतो.

आता इथून पुढे लोक थेट त्याच्या जिंकण्यावर उडी मारतात आणि खाली काहीतरी सुविचार चिकटवतात, त्याने माझं डोकं फिरतं. मधली वर्षं कोणी सांगतच नाही. 2014 ला वर्ल्ड फायनल गाठली, नेदरलँड्सच्या मायकल व्हॅन गर्वेनने 7-4 ने हरवलं, आणि पुढे फायनलला जायचं नि बहुतेक वेळा त्याच व्हॅन गर्वेनकडून मार खायचा हा जणू नेमच झाला. पहिली मोठी ट्रॉफी मिळाली 2017 च्या यूके ओपनला, 47 व्या वाढदिवसाच्या तोंडावर, आणि त्या स्पर्धेत व्हॅन गर्वेन पाठदुखीमुळे नव्हता हेही खरं.

मग त्याच वर्षीची डार्ट्सच्या प्रीमियर लीगची फायनल. समोर परत तोच. राइट 7-2 ने पुढे होता, तरी मॅच शेवटच्या लेगपर्यंत (लेग म्हणजे मॅचमधला एक डाव) गेली. तुला माहितीये ना, प्रत्येक लेगमध्ये 501 वरून शून्यावर यायचं असतं आणि शेवटचा डार्ट डबलमध्येच लागावा लागतो, म्हणजे बोर्डाच्या कडेची जेमतेम 8 मिलिमीटर रुंदीची पट्टी, आणि तू उभा 2.37 मीटरवर. मॅच जिंकायला त्याला सहा डार्ट मिळाले. सहा! एकही लागला नाही, हरला 11-10. हात थरथरत असताना तीच पट्टी किती बारीक दिसत असेल कल्पना कर, आणि हा ते सगळं डोक्यावर रंगीबेरंगी मोहॉक नि बाजूला रंगवलेला साप घेऊन करतोय (केस बायकोच रंगवते, ती हेअरड्रेसर आहे), म्हणजे तोंड लपवायचीही सोय नाही. मी असतो तर दुसऱ्या दिवशी टक्कल केलं असतं.

तो मात्र डार्ट बदलत राहिला, अक्षरशः. चालू स्पर्धेत डार्टचा सेट बदलणारा प्लेयर आहे हा, कॉमेंट्रीवाले वैतागतात, मलाही ते अतीच वाटतं, पण कदाचित त्या खटपटीमुळेच टिकला असेल.

2020 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप तर पहिल्याच मॅचला संपली असती, फिलिपिन्सच्या नोएल मालिकडेमकडे मॅच जिंकायचा डार्ट होता, चुकला. त्यानंतर हा थेट फायनलला, आणि 1 जानेवारीला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये व्हॅन गर्वेनला 7-3 ने झोपवलं. वय 49, बक्षीस 5 लाख पाउंड. 2022 ला मायकल स्मिथला 7-5 ने हरवून परत चॅम्पियन, 51 व्या वर्षी, आणि त्याच मार्चमध्ये वर्ल्ड नंबर वन. टाइमपास म्हणे.

तर आता वेळ काढ आणि 2020 ची फायनल बघ, पण त्याआधी 2017 च्या प्रीमियर लीग फायनलचे शेवटचे दोन लेग बघ, उलट क्रमाने बघितलंस तर काही मजा नाही. बघून झालं की फोन कर, तुझे मिस्ड कॉल नकोत, सरळ बोल.

तुझाच